इंधनाचे झाड बांधावर हवे, माळावर नको

कोल्हापुरात जैवइंधनाचा विषय निघाला की बोलणे आपोआप साखर कारखान्याच्या आसवनीकडे वळते आणि ते स्वाभाविकही आहे. गेल्या काही वर्षांत इथल्या कारखानदारीचा ताळेबंद साखरेइतकाच इथेनॉलवर तोलला जाऊ लागला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठरले होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले आणि त्यात ऊसपट्ट्याचा वाटा मोठा होता. डिझेलची गोष्ट मात्र अगदी उलटी आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल, म्हणजे तेलावर प्रक्रिया करून केलेले डिझेलसारखे इंधन, मिसळण्याचे ठरवले, पण प्रत्यक्ष मिश्रण अजून एक टक्क्याच्याही वर सरकलेले नाही. या तफावतीतून एक जुनी सूचना दर दोन-चार वर्षांनी नव्याने वर येते. करंज, कडुनिंब, मोह यांसारखी आपल्या मातीतली काटक झाडे कोरडवाहू मुलखात इंधनाची पिके म्हणून विकसित करावीत, म्हणजे पडीक जमीन कामी येईल, दुष्काळी शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळेल आणि तेलाची आयातही घटेल, अशी ती सूचना आहे. तिचा गाभा मला मान्य आहे. पण ती ज्या रीतीने मांडली जाते, म्हणजे आधी लाखो हेक्टरांचे आकडे, मग रोपवाटिका, मग लागवडीचा सोहळा आणि बियाणे, खरेदी, भाव यांचा विचार सर्वांत शेवटी, त्या रीतीला माझा ठाम विरोध आहे.

ही चर्चा कोल्हापुरातून का करायची, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि तिथून शंभरएक किलोमीटर पूर्वेला शिरोळात तो पाचशेच्या घरात येतो. शिरोळला कृष्णा-पंचगंगेने तारले आहे. तिथून आणखी पूर्वेला आणि उत्तरेला जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, सांगोला, माण, खटाव हा जो पट्टा सुरू होतो, त्याच्या वाट्याला शिरोळइतका किंवा त्याहून कमी पाऊस येतो आणि नद्या मात्र येत नाहीत. टेंभू, म्हैसाळसारख्या उपसा योजनांचे पाणी जिथे पोचले तिथे शेतकऱ्याने द्राक्षे, डाळिंब आणि शेवटी ऊसच लावला, याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार निदान कोल्हापूरकराला तरी नाही. पण नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉलविषयक आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते असे नमूद केले आहे. हे पाणी पंचगंगेच्या खोऱ्यात कसेबसे परवडते. जत-आटपाडीत ते परवडण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे कोरड्या मुलखाने इंधन पिकवायचे असेल तर त्याला ऊस सोडून दुसरे काही शोधावे लागेल, इथपर्यंत सूचना करणाऱ्यांचे बरोबर आहे.

हा शोध आपण एकदा घेऊन बसलो आहोत आणि तो का फसला हे नीट पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफा, म्हणजे आपल्याकडचा मोगली एरंड, हे देशाच्या बायोडिझेलचे मुख्य पीक ठरवले आणि २० टक्के मिश्रणासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरांवर लागवडीची गरज सांगितली. मोगली एरंड हे मुळात मध्य अमेरिकेतले झुडूप. आपल्याकडे ते कुंपणाला लावत, कारण जनावर त्याला तोंड लावत नाही आणि पाणी न देताही ते हिरवे राहते. कुंपणाच्या या गुणावरून शेतातल्या उत्पन्नाचा अंदाज बांधला गेला. कुंपणातले झुडूप जगते हे सर्वांनी पाहिले होते, पण ते हेक्टरी किती बी देते हे कोणी सलग दहा वर्षे मोजलेले नव्हते. त्याच्या फुलोऱ्यात नरफुले वीस-पंचवीस आणि मादीफूल एखादे, अशी विषमता असते. पाणी आणि खत मिळाले नाही तर फळधारणा जेमतेम होते. पेंड विषारी असल्यामुळे जनावरांच्या कामाची नाही. त्यात २००६ पासून लागू झालेल्या खरेदी धोरणात बायोडिझेलला लिटरला २५ रुपये भाव ठरला, जो उत्पादनखर्चालाही पुरत नव्हता. परिणाम असा झाला की रोपे विकणाऱ्यांचे भले झाले, बी पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळाले नाही आणि अनेकांनी तीन-चार वर्षांनी ती झुडपे उपटून टाकली. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे स्वप्न पुन्हा एकदा कागदावर लिहिले, पण शेतातले पीक तोवर संपले होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये डेहराडूनहून दिल्लीला एक विमान जट्रोफाच्या तेलापासून केलेले २५ टक्के इंधन मिसळून उडाले. तेव्हा झालेल्या कौतुकात तेल शुद्ध करण्याचे शास्त्र पुढे गेल्याचे सिद्ध झाले, आणि ते खरेच पुढे गेले आहे. बी कुठून आणायचे हा प्रश्न मात्र जमिनीवरच राहिला.

जट्रोफा परका होता, करंज आपला आहे, म्हणून करंज यशस्वी होईल, असा युक्तिवाद आता ऐकू येतो. देशी असणे ही गुणवत्ता आहे, पण ती पुरेशी नाही. करंजाची बाजू निःसंशय भक्कम आहे. हे द्विदल कुळातले झाड आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, पाला भाताच्या खाचरात हिरवळीचे खत म्हणून पूर्वापार वापरला जातो, मुळे खोल जातात, फुलांवर मधमाशा येतात. बियांत २७ ते ३९ टक्के तेल असते. ते कडू असल्यामुळे खाण्याच्या तेलाशी त्याची स्पर्धा नाही आणि पेंडीत चार टक्क्यांच्या जवळपास नत्र असतो. पण जवळ जाऊन पाहिले तर अडचणीही दिसतात. ओढ्याकाठचे एखादे करंज चैत्रात शेंगांनी लगडलेले असते आणि त्याच ओढ्यापासून शंभर पावलांवर, मुरमाड उतारावर, त्याच वयाचे दुसरे झाड फक्त पाला मिरवत उभे असते. त्या पानांवर कोळीवर्गीय किडीने उठवलेल्या चामखिळीसारख्या गाठी असतात आणि कीड फुलोऱ्यात शिरली तर शेंगाच धरत नाही. शेंग चपटी, कठीण, टोकाला बाकदार. ती वाळली तरी आपण होऊन उकलत नाही. काठीने झोडपावी लागते आणि एवढे करून आत बहुधा एकच बी निघते. शेंगेच्या वजनात निम्म्याच्या आसपास टरफलच असते. बी पावसात भिजले की तेलातील मुक्त आम्लांचे प्रमाण वाढते आणि असे तेल मिथेनॉल व कॉस्टिक घालून बायोडिझेल करायला घेतले की भांड्यात बायोडिझेलऐवजी साबण जमू लागतो. म्हणजे सगळी वेचणी वळवाच्या आत, निदान मृगाच्या आधी, उरकायला हवी.

मूळ दोष असा की आपण काटकपणा आणि उत्पन्न या दोन गोष्टी एकच धरतो. दुष्काळात तग धरणारे झाड दुष्काळात पाने गाळते, वाढ थांबवते, फळे टाकते. तग धरण्याची त्याची रीतच ती आहे. पाचशे मिलिमीटर पावसात करंज मरणार नाही, हे खरे. त्याच पावसात ते भरघोस बी देईल, असे मात्र त्यातून निघत नाही. बियांपासून वाढलेल्या करंजांत झाडागणिक उत्पन्न इतके बदलते की शास्त्रीय लिखाणात एका झाडाचे वार्षिक बी ९ किलोपासून ९० किलोपर्यंत नोंदलेले आढळते. परागीभवन परस्पर होत असल्यामुळे चांगल्या झाडाचे बी पेरले तरी चांगले झाड येईलच असे नाही. आंब्याच्या बाबतीत हे आपल्याला कळते. हापूसची कोय पुरून हापूसची बाग होईल अशी अपेक्षा कोणी शहाणा माणूस करत नाही, तो कलम विकत घेतो. करंजाच्या बाबतीत मात्र आजही बहुतेक सरकारी लागवड पिशवीत बी टोकून केलेल्या रोपांचीच होते.

आता थोडे गणित करू, कारण या विषयात उत्साह फार आणि हिशेब थोडा असे नेहमी होते. पाच मीटर बाय पाच मीटर अंतरावर हेक्टरी ४०० झाडे बसतात. दहा वर्षांच्या कोरडवाहू झाडामागे सरासरी १० किलो बी धरले, आणि निवड न केलेल्या रोपांसाठी ही सरासरी मी उदारपणे धरतो आहे, तर हेक्टरी ४ टन बी होते. घाण्यावर त्यातले पाव वजन तेल म्हणून निघाले तर हेक्टरी १ टन तेल आणि जवळपास तेवढेच बायोडिझेल मिळते. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळते. त्याच्या ५ टक्के म्हणजे ४५ लाख टन आणि त्यासाठी ४५ लाख हेक्टर सलग करंज. कोल्हापूर जिल्ह्याचे एकूण क्षेत्रफळ, शेते, जंगले, गावे, धरणे सारे धरून, ७,६८५ चौरस किलोमीटर आहे. असे जवळजवळ सहा कोल्हापूर जिल्हे करंजाने भरून टाकले, एकही घर आणि एकही उसाचे शेत शिल्लक ठेवले नाही, तर शंभरातले पाच लिटर डिझेल सुटेल आणि तेही दहा वर्षांनी. देशाची आयात घटवण्याचे साधन म्हणून कोरडवाहू झाडांकडे पाहणाऱ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे.

तरीही ४५ लाख हेक्टर पडीक जमीन देशात सहज आहे, असे उत्तर यावर मिळते, आणि मला सर्वांत धोकादायक वाटते ते हे उत्तर. महसुली दप्तरात पोटखराबा, गायरान, पडीक अशा नोंदी असलेली जमीन प्रत्यक्षात रिकामी नसते. माणदेशापासून जतपर्यंतच्या माळावर पवना, मारवेल, कुसळ ही गवते आहेत. माडग्याळ मेंढी त्या गवतावर पोसली गेली. धनगर आपले कळप घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे उतरतात, वाटेत शेतात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात, आणि पावसाळ्यात ते त्या माळावर परत जातात. लांडगा, खोकड, चंडोल, एके काळी माळढोक, हे सारे या उघड्या माळाचे रहिवासी आहेत. सलग झाडी त्यांच्या कामाची नाही. आपल्या पन्हाळ्याजवळचे मसाई पठार घ्या. उन्हाळ्यात ते बाहेरच्या माणसाला ओसाड कातळ वाटते आणि भाद्रपदात त्याच कातळावर इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती फुलतात. अशा जमिनीवर खड्डे काढून एकाच जातीची झाडे लावणे, मग ती जात देशी का असेना, हे माळाचा घास काढून घेणे आहे. त्यात करंजाचा पाला जनावरे सहसा खात नाहीत, म्हणजे गवत गेले आणि चाराही आला नाही, असा दुहेरी तोटा. गायरानात काय लावायचे हे ग्रामसभेच्या बैठकीत ठरावे अशी अपेक्षा असते. त्या बैठकीला मेंढपाळ बहुधा हजर नसतो, कारण तो त्या वेळी कोकणच्या वाटेवर असतो.

मग झाडे लावायची कुठे? बांधावर, ओढ्यांच्या आणि नाल्यांच्या काठाने, पाझर तलावाच्या खालच्या बाजूला, रस्त्याकडेला, शाळेच्या आणि पंचायतीच्या आवारात. करंज मुळातच पाण्याच्या काठचे झाड आहे. नदीकाठी आणि ओढ्याच्या दरडीवर ते आपण होऊन उगवते. दुष्काळी तालुक्यातही ओल जिथे दोन महिने जास्त टिकते अशा रेषा असतात आणि या रेषांवर ते नुसते जगणार नाही, पिकेलही. क्षेत्राच्या हिशेबात ही जागा अगदी थोडी भरते, म्हणूनच ती आराखडे करणाऱ्यांच्या नजरेत येत नाही. पण सलग लागवडीतले मरतुकडे हेक्टर आणि ओढ्याकाठची निवडक दोनशे झाडे यांत गावाला दुसऱ्यापासून जास्त बी मिळेल असे माझे मत आहे.

झाडांखेरीज एका हंगामी पिकाचा उल्लेख करायला हवा. गोड धाटाच्या ज्वारीवर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गेल्या शतकातच काम केले आणि ‘मधुरा’ हा वाण दिला. ज्वारी मूळची आफ्रिकेची असली तरी हजारो वर्षांत ती इथलीच झाली आहे. साडेतीन-चार महिन्यांत हे पीक कणीसही देते आणि धाटाचा रसही, तेही उसाच्या तुलनेत फार थोड्या पाण्यात. अडचण अशी की रस काढायला उशीर झाला तर धाटातली साखर उतरते आणि काढलेला रस काही तासांत आंबू लागतो, म्हणजे गाळपाची सोय पिकाच्या जवळ आणि नेमक्या त्या दोन-तीन आठवड्यांत हवी. कारखान्यांची धुराडी दसरा-दिवाळीनंतर पेटतात. खरिपाची गोड ज्वारी त्याच्या थोडी आधी तयार होते. इच्छाशक्ती असेल तर हा मेळ बसवता येतो. पण कडब्याचा भाव चढा असताना दुष्काळी शेतकरी धाट आसवनीला का देईल, याचे उत्तर भावात द्यावे लागेल, भाषणात नाही.

आता एक गंभीर आक्षेप. उघड्या जागेवर ऊन पडते ते झाडातून तेलात आणण्यापेक्षा सौर पॅनेलवर का घेऊ नये? एका हेक्टरवर साधारण अर्धा मेगावॅटचे पॅनेल बसतात आणि वर्षाला सात लाख युनिटांच्या आसपास वीज देतात. आपल्या हेक्टरभर करंजाच्या एक टन तेलात सगळी उष्णता धरली तरी ती दहा-अकरा हजार युनिटांइतकीच भरते. तफावत पन्नास पटींहून अधिक आहे आणि कितीही वाण सुधारला तरी ती भरून निघणारी नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी कग्गनहळ्ळीत करंजाच्या तेलावर इंजिने चालवून पाण्याचे पंप फिरवून दाखवले, तेव्हा तो प्रयोग काळाच्या पुढे होता. आज त्याच पंपासाठी सौर कृषिपंपाच्या योजना आहेत आणि पंपापुरता तरी सूर्याने करंजाला हरवले आहे, हे मान्य करावे. जे लोक आजही खेड्यातल्या पंपासाठी तेलबियांची झाडे सुचवतात ते पंचवीस वर्षे मागे आहेत.

पण शेतातली सगळी कामे पंपाची नसतात. नांगरट करणारा ट्रॅक्टर, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मळणीयंत्र, ऊसतोडणी यंत्र, मालट्रक यांची बॅटरी अजून बरीच वर्षे शेतकऱ्याच्या खिशाला झेपणार नाही. झाडाच्या तेलाची खरी जागा इथे आहे. आणि इथेही एक इशारा दिला पाहिजे. करंजाचे कच्चे तेल डिझेलच्या कितीतरी पट घट्ट असते. जुन्या संथ गतीच्या इंजिनात ते गरम करून चालून जाई, पण आजच्या ट्रॅक्टरच्या इंजेक्टरमध्ये ते घालणे म्हणजे दुरुस्तीच्या बिलाला आमंत्रण. प्रक्रिया केलेले बायोडिझेलच हवे आणि तेही ठरल्या प्रमाणात मिसळून.

भावाचा प्रश्न याहून अवघड आहे. एक लिटर तेलाला पावणेचार-चार किलो बी लागते. वेचणाऱ्याला, झोडपणाऱ्याला किलोमागे २५ रुपये द्यायचे ठरवले, आणि उन्हातान्हातल्या त्या कामाला याहून कमी देणे अन्याय आहे, तर नुसत्या बियांचेच लिटरमागे नव्वद-शंभर रुपये होतात. गाळप, मिथेनॉल आणि वाहतूक वेगळी. निव्वळ डिझेलला पर्याय म्हणून हा धंदा उभा राहत नाही. तो उभा राहिलाच तर पेंडीवर राहील. चार किलो बियांतून तीन किलो पेंड निघते आणि तिला गिऱ्हाईक आपल्या दारातच आहे. उसाच्या आणि भाजीपाल्याच्या शेताला सेंद्रिय नत्र हवा, सूत्रकृमींना आळा हवा, युरियातला नत्र सावकाश सुटायला हवा. करंजाची पेंड ही तिन्ही कामे कमी-अधिक प्रमाणात करते. टरफले इचलकरंजीच्या प्रोसेसिंगच्या बॉयलरांना जळण म्हणून चालतील. तेलाचा एक भाग साबणाला, चामडे मऊ राखायला आणि कीडनाशकांना जाईल, जिथे त्याला डिझेलपेक्षा चांगला भाव मिळतो. इंधन हे या झाडाचे शेवटचे उत्पन्न आहे, पहिले नाही. जो आराखडा ते पहिले धरून मांडला जाईल तो जट्रोफाच्या वाटेने जाईल.

यावर कोणी म्हणेल की मग राहू द्या, हा नाद सोडा. मी तसे म्हणत नाही, कारण आज करंज जे देते ते आणि ते जे देऊ शकेल ते यांत मोठे अंतर आहे आणि ते अंतर किती भरून काढता येते हे उसानेच आपल्याला दाखवले आहे. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ ची, पाडेगावचे संशोधन केंद्र १९३२ चे. आज कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी ८६०३२ आणि २६५ हे ऊसवाणांचे आकडे घरच्या माणसांसारखे असतात. त्यामागे शंभर वर्षांची निवड, संकर आणि चाचण्या आहेत. बेण्यापासून टनेजपर्यंत प्रत्येक टप्प्यावर माणसे आणि पैसा उभा होता. त्यावर सहकार आला. सभासद, तोडणीची टोळी, वजनकाटा, बँकेचे कर्ज, ठरलेला दर, आणि तो दर थकला तर रस्त्यावर उतरणारी शेतकरी संघटना. उसाची गोडी या सगळ्या यंत्रणेतही आहे. करंजाला यांतले काय मिळाले? काही विद्यापीठांनी आणि वन संशोधन संस्थांनी चांगल्या झाडांची निवड केली, कलमांचे प्रयोग केले. कलम केलेले झाड तीन-चार वर्षांत फळावर येते हे दाखवले. ते काम शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आले नाही. शेजारच्या कर्नाटकाने स्वतंत्र जैवइंधन मंडळ नेमले, हासन जिल्ह्यात मडेनूरला जैवइंधन उद्यान उभारले, बांधावर होंगे, म्हणजे करंज, लावण्याचा कार्यक्रम घेतला. आपल्याकडे सीमेवरून भांडायला जेवढा वेळ मिळतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात ते पाहून येता आले असते. आणि तिकडे अमेरिकेतल्या फ्लोरिडात रोगाने उठलेल्या संत्र्या-मोसंब्यांच्या बागांच्या जागी निवडक कलमांची करंजे लावली जात आहेत. झाड आपले, सुधारणा त्यांची आणि उद्या कलमही त्यांच्याकडूनच विकत घ्यायचे, अशी वेळ यायला नको असेल तर गावोगावच्या जैवविविधता समित्यांच्या नोंदवह्यांत हे झाड नुसत्या नावापुरते असून चालणार नाही.

पैशाचा प्रश्न कोल्हापूर-सांगलीच्या कारखानदारीने सोडवावा, असे माझे म्हणणे आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचा पायंडा पडलेला आहेच. आपल्या विभागात हंगामाला दोन कोटी टनांच्या आगेमागे ऊस गाळला जातो. टनामागे फक्त एक रुपया कोरडवाहू देशी वनस्पतींच्या संशोधनासाठी बाजूला काढला तर वर्षाला दोन कोटी रुपये होतात. त्यातून दहा वर्षे सलग चालणारे निवड व कलमांचे काम, प्रत्येक दुष्काळी तालुक्यात कलमांसाठी फांद्या पुरवणारी एक मातृवृक्ष बाग आणि झोडपणीचे, घाण्याचे लहान यंत्र एवढे निश्चित होईल. हा दानधर्म नव्हे. जत, सांगोला, माण या तालुक्यांतून माणसे येऊन हा ऊस तोडतात. त्यांच्या तालुक्यांना पाणी कमी पडते तेव्हाच ती इकडे येतात. ती हंगाम संपवून मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात आणि करंजाच्या शेंगा नेमक्या तेव्हा वाळतात. पुढचे दोन महिने त्या गावांत काम नसते. वेचणीचा हंगाम आणि रिकाम्या हातांचा हंगाम असा जुळणे दुर्मीळ आहे, आणि या योजनेच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मला तोच वाटतो.

खरेदी मात्र लागवडीच्या आधी ठरली पाहिजे. केंद्राच्या गौण वनोपजाच्या हमीभाव योजनेत करंजाचे बी सुरुवातीपासून आहे, पण ती योजना वनक्षेत्रातल्या आदिवासी वेचकांसाठी आहे. जतच्या बांधावरच्या बाईला तिचा उपयोग नाही. तिच्यासाठी तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या काट्यावर बी घेतले जावे, पैसे त्याच आठवड्यात मिळावेत आणि भाव पेंड-तेलाच्या बाजाराशी जोडलेला, पण एका किमान रकमेच्या खाली न जाणारा असावा. लागवडीचे अनुदान द्यायचे तर ते रोपाला देऊ नये, तिसऱ्या-चौथ्या वर्षी जगलेल्या आणि फळावर आलेल्या कलमाला द्यावे. यात रोपवाटिकावाल्यांचा तोटा आहे, हे मला माहीत आहे.

राहिला बांध. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदकीत जेवढे खटले चालतात तेवढे दुसऱ्या कशावरून चालत नसतील आणि बांधावरच्या झाडाची सावली शेजाऱ्याच्या शाळूवर पडली की वर्षभर पुरणारे भांडण तयार होते. म्हणून झाड कोणाचे, शेंगा कोणाच्या, फांद्या छाटायच्या कोणी, हे आधी लिहून घ्यावे लागेल. २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. तिच्यात करंज, कडुनिंब नोंदवून घेण्याची मोहीम जत, आटपाडी, सांगोल्यात एका हंगामात पुरी होऊ शकते. त्या नोंदींवरून शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या आणि कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल-मे महिन्यांत झाडाझाडाचे बी तोलावे, सलग तीन वर्षे तोलावे, आणि दुष्काळाच्या वर्षीही ज्यांनी शेंग टाकली नाही अशा झाडांच्याच फांद्या कलमांसाठी घ्याव्यात. लागवडीचे लक्ष्यांक त्यानंतर ठरवावेत.